पाच किलोमीटरचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीवर एवढा जीव का?

आधीच सांगून टाकतो, या गाड्या वाटतात तेवढ्या फास्ट नाहीत. अमेरिकन मसल कार म्हटलं की डोळ्यांसमोर मागच्या टायरचा धूर, लांबलचक बॉनेट आणि छातीत घुमणारा आवाज येतो, आणि ते सगळं खरंच आहे, पण 2024 पर्यंत मिळायची ती व्ही-सिक्स इंजिनवाली टोयोटाची साधी कॅमरी घेऊन सिग्नलला शेजारी उभे राहिलात तर साठच्या दशकातल्या यातल्या बऱ्याच गाड्या मागे पडतील, टेस्लाचं तर नावच काढू नका. ॲव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटर. बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, ते दोनदा जोरात दाबले की तापतात आणि तिसऱ्यांदा लागतीलच याची गॅरंटी नाही. एअरबॅगचा तर प्रश्नच नाही. आणि तरीही या गाड्यांचे मालक त्यांच्याकडे असे बघतात की घरची माणसं कधीकधी मनापासून चिडतात.

मी मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं डेट्रॉइटच्या बाहेरच्या एका उपनगरात राहतो, काम इलेक्ट्रिक गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे तसं बघितलं तर शत्रुपक्षातला माणूस. इथे एप्रिलमध्ये बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की गॅरेजांची दारं उघडतात आणि संध्याकाळी कुठून ना कुठून तो आवाज यायला लागतो. सुरुवातीला मला वाटायचं की म्हाताऱ्यांची हौस आहे, पैसा आहे, वेळ आहे, करतात. मग शेजारचे आजोबा भेटले. (त्यांना मी इथल्या पद्धतीप्रमाणे नावाने हाक मारतो, वय सत्तरीच्या पुढे, पहिले काही महिने जीभ वळतच नव्हती.) त्यांच्याकडे 1969 ची प्लिमथ रोडरनर आहे, आणि या विषयातलं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्यांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून कळलेलं आहे.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे प्रेम समजत नाही. 1963 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या कंपन्यांना रेसिंगमधून बाहेर पडायला सांगितलं, आणि मधल्या साइझच्या गाडीत 330 क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही असाही नियम होता. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक कंपनीत इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या टीमने पळवाट काढली, नवीन गाडी म्हणून नाही तर टेम्पेस्ट गाडीवरचं एक ऑप्शन पॅकेज म्हणून 389 इंचाचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं इंजिन बसवून दिलं, कारण ऑप्शनला वरच्या साहेबांची परवानगी लागत नव्हती. तीच 1964 ची जीटीओ. पाच हजार खपतील असा अंदाज होता, खपल्या 32,450. मग काय, फोर्ड, शेव्हरले, डॉज, प्लिमथ सगळेच मागे लागले. फॉर्म्युला अगदी सरळ होता, साधी मध्यम गाडी घ्या, त्यात सगळ्यात मोठं इंजिन ठोका आणि किंमत अशी ठेवा की पंचवीस वर्षांच्या कामगार पोराला हप्त्यावर घेता आली पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. या श्रीमंतांच्या गाड्या नव्हत्याच. फेरारीचा मालक आणि फेरारी बनवणारा कामगार यांची गाठ पडायचं कारण नाही, पण डेट्रॉइटमध्ये जो दिवसभर लाइनवर दरवाजे बसवायचा तोच शुक्रवारी संध्याकाळी ती गाडी घेऊन वुडवर्ड ॲव्हेन्यूवर यायचा. रोडरनर तर याच हिशोबाने काढली. 1968 मध्ये आली तेव्हा किंमत तीन हजार डॉलरच्या आत, आत गालिचा नाही, रबरी मॅट, पुढे आख्खा एक बाक, काच खाली करायला हँडल, आणि इंजिन मात्र 383 इंचाचं, 335 हॉर्सपॉवर. वर वॉर्नर ब्रदर्सना 50 हजार डॉलर मोजून कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र घेतलं आणि हॉर्नसुद्धा त्याच्यासारखा बीप-बीप करणारा. आजोबांच्या गाडीत तो हॉर्न फिकट जांभळ्या रंगाचा आहे, त्यावर कंपनीचाच ‘व्हॉइस ऑफ रोडरनर’ असा स्टिकर आहे. एवढा दांडगा राक्षस आणि आवाज खेळण्यातला! आमच्या कॉलनीतली पोरं सायकलवरून जाताना हाताने खूण करतात, आजोबा कितीही गडबडीत असले तरी दोनदा वाजवतात.

(ते 335 चं प्रकरण पण जरा जपून घ्या. 1971 पर्यंत पॉवर मोजायची ती नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून, ना एअर फिल्टर ना सायलेन्सर ना अल्टरनेटरचा लोड. 1972 पासून खऱ्या गाडीत असतं तसं मोजायला लागले आणि आकडे एकदम खाली आले. आजोबांना हे सांगितलं तर म्हणतात, माहितीये, पण मला 335 च आवडतात.)

आता मुख्य गोष्ट. बॉनेट उघडलं की सहा लिटरच्या वरचं इंजिन असूनही बाजूने खालची जमीन दिसते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ बघतच राहिलो होतो. आजच्या गाडीचं बॉनेट उघडा, वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्याखाली वायरिंगचा गुंता, बोट घालायला जागा नाही. इथे कार्बुरेटर समोर, डिस्ट्रिब्युटर समोर, आठ प्लग हाताला लागतात आणि प्रत्येक वस्तू बघून ती काय करते ते सांगता येतं. मी ज्या गाडीवर काम करतो त्यात पन्नासेक कंट्रोलर असतील, कोडच्या लाखो ओळी, आणि खरं सांगतो, ती गाडी पूर्ण समजलेला एकही माणूस आमच्या ऑफिसात नाही. माझ्या वाट्याला त्यातला एक कोपरा आहे. आजोबांना त्यांची गाडी पूर्ण समजलेली आहे. शेवटच्या स्क्रूपर्यंत. मला वाटतं जीव जडतो तो इथे, आवाज आणि स्पीड नंतरचं.

एक प्रसंग सांगतो. जुलैमधली संध्याकाळ, आम्ही दोघं वुडवर्डवर, ‘थर्टीन माइल रोड’च्या चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद. स्टार्टर मारला की इंजिन पेटतं, किल्ली सोडली की मरतं. परत मारलं, परत पेटलं, किल्ली सोडली, परत मेलं. मागे हॉर्न सुरू झाले, मला घाम फुटला, आणि आजोबा शांतपणे म्हणाले, बॅलास्ट. या क्रायस्लरच्या (प्लिमथ आणि डॉज त्यांचेच) गाड्यांमध्ये इंजिनच्या मागच्या पत्र्यावर एक बोटभर लांब पांढरा चिनी मातीचा रेझिस्टर असतो, गाडी चालू असताना कॉइलकडे जाणारा करंट तो कमी करतो म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले, करंट जोडणारे-तोडणारे पॉईंट जळत नाहीत, पण स्टार्टर मारताना सर्किट त्याला वळसा घालून जातं. तो तुटला की बरोबर हेच होणार, किल्ली फिरवलेली असेपर्यंत चालू, सोडली की बंद. आम्ही ढकलून गाडी कडेला घेतली, त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उघडला, त्यात कापडात गुंडाळलेला दुसरा रेझिस्टर तयार होता. एक स्क्रू, दोन वायरी. पाच मिनिटंही लागली नसतील. तेवढ्यात दोन अनोळखी माणसं आपापल्या गाड्या थांबवून आली होती आणि त्यातल्या एकाने तर लांबूनच विचारलं, बॅलास्ट का?

मला तेव्हा आमच्या बाबांची आठवण झाली, आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली चेतक, सकाळी ऑफिसला निघताना आधी ती एका बाजूला आडवी करायची, मग सरळ, मग किक. कोणीही ती स्कूटर नेली तर ‘आधी आडवी कर’ हे सांगावं लागायचं. घरातल्या माणसाच्या सवयी पाहुण्याला सांगाव्या तसं. रोडरनरचंही तेच आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन्ही चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत, क्रायस्लर 1970 पर्यंत तसंच करायची, म्हणजे उजव्या बाजूचे नेहमीसारखे फिरतात आणि डाव्या बाजूचे उलटे. हे माहीत नसलेल्या टायरवाल्या पोराने एकदा मशीन लावून जोर केला आणि तीन बोल्ट मोडून ठेवले. तेव्हापासून चाक काढायचं झालं तर आजोबा स्वतःच काढतात आणि नुसतं चाक घेऊन दुकानात जातात. मीही मदतीला जातो, पण आपलं दहा-अकराच्या पान्याचं ज्ञान इथे काही कामाचं नाही, सगळं इंचात, हाफ इंच, नाइन-सिक्सटीन्थ.

आवाजाबद्दल थोडं बोलू दे, कारण त्याला कारण आहे, नुसता मोठा सायलेन्सर असं नाही. या व्ही-एटच्या आठ सिलेंडरची पेटण्याची क्रमवारी असते 1-8-4-3-6-5-7-2. एकातून दुसऱ्यात अंतर अगदी सारखं. पण सिलेंडर दोन रांगांत आहेत, डावीकडे 1, 3, 5, 7 आणि उजवीकडे 2, 4, 6, 8. आता क्रम परत वाचा. 8 नंतर लगेच 4, दोन्ही उजवीकडचे. 5 नंतर लगेच 7, दोन्ही डावीकडचे. म्हणजे आख्खं इंजिन एका लयीत चालतं पण प्रत्येक बाजूच्या पाइपातून येणारे ठोके मात्र अडखळत येतात, दोन जवळ, मग गॅप, मग एक. दोन्ही बाजूंना वेगळा सायलेन्सर असला की तो अडखळलेला ठोका सुटा सुटा ऐकू येतो, आणि तोच तो गुडगुडणारा आवाज. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर जरा दाबला की आख्खी गाडी उजवीकडे झुकते, इंजिनच्या पिळाने. माझ्या बायकोला हा सगळा प्रकार अजिबात आवडत नाही, पण एकदा चक्कर मारून आल्यावर ती म्हणाली की सीटमधून कळत होतं ते बरं वाटलं. एवढं तिच्याकडून म्हणजे खूप झालं.

हिवाळा हा या लोकांचा वनवास. नोव्हेंबरमध्ये गाडी झाकून ठेवायची, बॅटरीला छोटा चार्जर लावायचा, पेट्रोलमध्ये ते टिकायचं औषध घालायचं आणि उंदीर. उंदरांना जुन्या सीटमधला कापूस फार आवडतो. आजोबांनी पूर्वी मागची सीट काढली तेव्हा स्प्रिंगांमध्ये अडकलेला एक कागद सापडला, कडा कुरतडलेल्या, मध्ये तेलाचा डाग, आणि सगळा आकड्यांनी भरलेला. कारखान्यात लाइनवरच्या कामगारांना कुठल्या गाडीत काय बसवायचं ते सांगणारा तो कागद, काम झालं की कोणीतरी सीटखाली कोंबायचा. पन्नास वर्षांनी असा कागद सापडला तर लोक फ्रेम करून लावतात. हसू नका. कारण त्यावरून कळतं की इंजिन तेच आहे, गियरबॉक्स तोच आहे, रंग तोच आहे, आणि त्याने किंमतही चढते, पण आजोबांना वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्या गाडीचा चासी नंबर RM21H9A ने सुरू होतो. यातला H म्हणजे ते 383 इंजिन, 9 म्हणजे 1969 आणि A म्हणजे लिंच रोडचा कारखाना, डेट्रॉइट. त्यांचे वडील लिंच रोडला होते. ती गाडी त्यांच्या हाताखालून गेली का नाही ते कोणालाच सांगता येणार नाही, आजोबाही तसा दावा करत नाहीत, पण तो A दाखवताना ते बोट जरा जास्त वेळ ठेवतात हे मी बघितलंय.

आणि तो कारखाना 1981 मध्ये बंद झाला. प्लिमथ ही कंपनीच 2001 मध्ये संपली, ओल्ड्समोबिल 2004 मध्ये, पाँटियाक 2010 मध्ये. हॅमट्रॅमकमधला डॉजचा तो प्रचंड कारखाना पाडला, त्या भागात जनरल मोटर्सने नवीन प्लांट उभा केला आणि आज तिथे इलेक्ट्रिक हमर बनते. म्हणजे ज्याने गाडी बनवली तो गेला, जिथे बनली ती जागा गेली, जिच्या नावावर बनली ती कंपनी गेली, शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही. उरले कोण, तर मालक. फेंडरचा पत्रा कुठे मिळतो, हॉर्नचा ब्रॅकेट कोण बनवतं, कार्बुरेटर कोण नीट बांधतं हे सगळं आता कंपनीला नाही तर या म्हाताऱ्यांनाच माहीत आहे.

आता दुसरी बाजू पण बोलायला पाहिजे, नाहीतर हे नुसतं स्मरणरंजन होईल. ‘जुनं ते लोखंड, आता काय पत्र्याचे डबे’ हे मी नाही म्हणणार. त्या काळच्या गाड्या बांधणीत बऱ्याच ढिसाळ होत्या, दरवाज्यांच्या फटी कमी-जास्त, पावसात डिकीत पाणी, आणि मिशिगनच्या मिठात पाच-सहा वर्षांत दरवाज्याखालचा पत्रा सडून हातात यायचा. अपघात झाला तर आजची छोटी हॅचबॅक तुम्हाला जास्त वाचवेल. पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सगळ्यांच्या फुप्फुसात जायचं. 1970 चा प्रदूषणाचा कायदा आला, विमा कंपन्यांनी पोरांच्या प्रीमियमला आग लावली, आणि 1973 च्या ऑक्टोबरमध्ये तेलाचा बॉयकॉट झाला तेव्हा पंपावर रांगा लागल्या. जेमतेम दहा वर्षांचा खेळ, संपला ते बरंच झालं असं माझं मत आहे. आजोबांचं नाही.

लिलाववाले हा आणखी वेगळा प्रकार. 1971 ची प्लिमथची हेमी कुडा, उघड्या टपाची, बनल्याच जेमतेम डझनभर, त्यातली एक 2014 मध्ये 35 लाख डॉलरला गेली. ठीक आहे, ज्याचे पैसे त्याने घ्यावी. पण ती गाडी आता कोणी चालवणार नाही, ट्रेलरवरून उतरणार आणि ट्रेलरवर चढणार, ते लॉकरमधलं सोनं झालं. त्या माणसाला गाडी आवडत नाही असं नाही म्हणत मी. पण ग्लोव्ह बॉक्समध्ये त्याचा बॅलास्ट नसणार एवढं नक्की.

गंमत म्हणजे आमच्या इंडस्ट्रीलाही हे कळतं पण वळत नाही. डॉजने 2023 च्या शेवटी व्ही-एटवाल्या चार्जर आणि चॅलेंजर बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक चार्जर काढली, तिला आवाज यावा म्हणून मागे स्पीकर आणि चेंबर बसवले. मी ती आजोबांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, फिट-फिनिश चांगलं आहे म्हणाले, मग विचारलं, हा आवाज बिघडला तर कळणार कसं की काय बिघडलंय? माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजून नाही.

आमच्या मराठी ग्रुपमध्ये एक कोल्हापूरकर आहे, त्याने 1966 ची मस्टँग घेतली, तीही सहा सिलेंडरची. इथले कट्टर लोक तिला मसल कार मानतच नाहीत, पोनी कार, म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी म्हणतात, आणि सहा सिलेंडर म्हटल्यावर तर नाकच मुरडतात. याला काही फरक पडत नाही. हा आणि याची कॉलेजातली मुलगी, दोघं मिळून दर शनिवारी तिच्या खाली झोपलेले असतात, मुलीला डिस्ट्रिब्युटरचे पॉईंट सेट करता येतात आणि ती ते इन्स्टाग्रामवर टाकते. त्याला म्हटलं, एवढ्या पैशात नवीन होंडा आली असती. तो म्हणाला, होंडा आली असती रे, पण पोरगी गॅरेजमध्ये आली असती का?

ऑगस्टमध्ये कोणी इकडे येणार असाल तर वुडवर्ड ड्रीम क्रूझ बघाच. 1995 मध्ये फर्नडेल गावात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला सुरू केलेला कार्यक्रम, आता फर्नडेलपासून पाँटियाक गावापर्यंत आख्खा रस्ता गाड्यांनी भरतो. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांची जी हिस्टॉरिक नंबर प्लेट असते तिच्यावर एरवी फक्त शो, परेड वगैरेला गाडी काढता येते, ऑगस्ट महिनाभर मात्र कधीही काढा, म्हणून या महिन्यात एकूण एक गाडी बाहेर असते. मुख्य दिवस तिसरा शनिवार, पण माझं ऐका, शनिवारी जाऊ नका, नुसता ट्रॅफिक जाम असतो आणि गाड्या तापून कडेला उभ्या असतात. गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी रॉयल ओकच्या बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसा, पाणी जवळ ठेवा. एखादी गाडी आवडली तर मालकाशी बिनधास्त बोला, फक्त किंमत विचारू नका, ‘इंजिनचं काम तुम्ही स्वतः काढलं का’ असं विचारा आणि अर्धा तास हातात ठेवून विचारा. पूर्वी वुडवर्डवर रेस लावली होती का हे विचारायची गरज नाही, ते न विचारताच सांगतात, आणि हरलेला मला अजून तरी एकही भेटलेला नाही.